बटाटा, बटाकू आणि मधली एक रात्र

मोठ्यानं म्हणा: बटाकू.

पुन्हा म्हणा. आता शेजारी जो कोणी बसला असेल त्यालाही म्हणायला लावा. नुसतं डोळ्यांनी वाचून चालायचं नाही, कारण आज आपण कानांनी ऐकलेल्या शब्दांबद्दल बोलणार आहोत.

बटाकू म्हणजे काय? काहीच नाही! हा शब्द मी आत्ताच तयार केला. तो कुठल्याही शब्दकोशात नाही, आणि भाजीवाल्याकडे अर्धा किलो बटाकू मागितलेत तर तो तुमच्याकडे बघतच राहील. पण तुम्हाला तो आता येतो की नाही? संध्याकाळी कोणी विचारलं, "काय रे, तो बटाकू होता की बटालू?" तर तुम्ही चटकन बरोबर उत्तर द्याल.

म्हणजे शब्द शिकून झाला? इंग्लंडमधल्या काही शास्त्रज्ञांना विचाराल तर ते म्हणतील, छे, अर्धाच झालाय. उरलेलं काम तुम्ही झोपल्यावर होणार आहे. आणि हे त्यांनी ज्या युक्तीनं शोधून काढलं ती युक्ती मला त्यांच्या शोधाइतकीच आवडते.

ती समजायला आधी कानात काय चालतं ते बघू. कोणी बोलत असतं तेव्हा शब्द पूर्ण होईपर्यंत आपण थांबत नाही. आई नुसतं 'पा' म्हणाली की डोक्यात पाणी, पाऊस, पाऊल, पाटी, पाल, पाळणा असे सगळे 'पा'वाले एकदम जागे होतात. पुढे 'ऊ' ऐकू आला की पाऊस आणि पाऊल उरतात, बाकीचे मुकाट्यानं बसतात. 'स' आला की पाऊस जिंकला. ही सगळी चढाओढ सेकंदभरसुद्धा चालत नाही आणि आपल्याला तिचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागला असता तर 'पाणी आण' एवढं वाक्य ऐकूनही दमलो असतो.

काही शब्दांना मात्र फारसे स्पर्धक नसतात. 'बटा' एवढं कानावर पडलं की डोकं 'बटाटा' म्हणून मोकळं होतं. (केसांच्या बटा असतात हे मला माहीत आहे, पण त्या तिथेच संपतात. आणि बटाटेवडा तर घरचाच.)

आता बटाकू खरोखरच तुमच्या शब्दांच्या गर्दीत शिरला असेल तर काय होईल? 'बटा' ऐकल्यावर डोक्याला क्षणभर थांबावं लागेल. पुढे 'टा' येतोय की 'कू'? म्हणजे नवा शब्द आत आला की जुना बटाटा ओळखायला किंचित उशीर होणार. युक्ती आहे ती हीच. नवा शब्द आत शिरला की नाही हे शोधायचं असेल तर नव्या शब्दाला काही विचारायचंच नाही, त्याच्या जुन्या शेजाऱ्याला गाठायचं.

वर्गात नवी मुलगी येते तेव्हा असंच असतं. पहिल्याच तासाला हजेरीत तिचं नाव येतं, सगळ्यांना ते पाठही होतं. पण मधल्या सुट्टीत खो-खोचे संघ पाडताना ती भिंतीशी उभी असते. ज्या दिवशी तिला पकडायला कोणीतरी जीव तोडून धावतं, त्या दिवशी ती खरी वर्गातली झाली. शास्त्रज्ञांना बटाकूसारख्या शब्दांचा नेमका तो दिवस पकडायचा होता.

हे काम सुरू केलं यॉर्क विद्यापीठातल्या गॅरेथ गॅस्केल आणि निकोला ड्युमे या दोघांनी. यॉर्क हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं जुनं शहर. तिथे यॉर्क मिन्स्टर नावाचं भलं मोठं कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मोठं चर्च. ओल्ड गोव्याला गेला असाल तर तिथलं से कॅथेड्रल पाहिलंच असेल. तर या दोघांनी लोकांना शिकवलेल्या खोट्या शब्दांपैकी एक होता 'कॅथेड्रूक'. सुरुवात हुबेहूब कॅथेड्रलसारखी, शेपूट मात्र वेगळं.

लोकांना हे शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले. मग परीक्षा. खरा शब्द 'कॅथेड्रल' ऐकवायचा, पण कधीकधी त्याच्या पोटात शांततेचा एक बारीकसा तुकडा घालायचा, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. तुकडा आहे की नाही ते ओळखून बटण दाबायचं. डोकं एकाच शब्दावर ठाम असेल तर तुकडा पटकन सापडतो. आत दोन शब्दांची ओढाताण चालू असेल तर बोटाला जरासा उशीर होतो. हा उशीर इतका बारीक असतो की बटण दाबणाऱ्याला तो कळतही नाही, पण संगणकाला कळतो.

2003 साली त्यांनी जे छापलं ते चक्रावून टाकणारं होतं. शिकवल्यावर लगेच विचारलं तर लोकांना नवे शब्द छान ओळखता येत होते. पण कॅथेड्रल ओळखायला उशीर? अजिबात नाही! कॅथेड्रूक हजेरीत होता, खेळात नव्हता. आठवड्यानं त्याच लोकांना पुन्हा बोलावलं, मध्ये काहीही शिकवलं नाही, आणि आता मात्र उशीर दिसू लागला. न शिकवता शब्द पुढे सरकला होता.

आठवडाभरात झालं काय? नुसते दिवस गेले म्हणून? की मध्ये रात्री होत्या म्हणून?

हे सोडवायला त्यांनी जी मांडणी केली ती इतकी सोपी आहे की आपल्याला का नाही सुचली असं वाटतं. एका गटाला शब्द शिकवले सकाळी 8 वाजता. दुसऱ्या गटाला रात्री 8 वाजता. दोन्ही गटांची परीक्षा लगेच, मग 12 तासांनी, मग 24 तासांनी. म्हणजे 12 तास दोघांनाही सारखेच मिळाले. फरक एवढाच की सकाळवाल्यांचे 12 तास जागेपणी गेले आणि रात्रवाल्यांच्या 12 तासांत झोप आली.

12 तासांनी रात्रवाल्यांमध्ये चढाओढ सुरू झालेली होती, सकाळवाल्यांमध्ये नव्हती. 24 तास झाले, सकाळवालेही मधल्या रात्री झोपून आले, आणि त्यांच्यातही ती सुरू झाली. घड्याळानं काही केलं नव्हतं. काम झोपेनं केलं होतं. हा प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला.

आता तुमच्यापैकी एखादी हुशार मुलगी म्हणेल, हे सगळे मोठे लोक झाले, आमचं काय? बरोबर आहे. 2012 साली यॉर्कच्याच लिसा हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7 ते 12 वर्षांच्या मुलांवर हेच करून पाहिलं. मुलांसाठी खोटा शब्द होता 'बिस्कल', कारण त्याचा शेजारी बिस्किट. (मोठ्यांना कॅथेड्रल आणि मुलांना बिस्किट. शास्त्रज्ञांना मुलं कळतात!) निकाल तोच. झोपेआधी बिस्कल नुसताच ओळखीचा, झोपेनंतर बिस्किटाशी झटापट करणारा. शिवाय झोपून उठल्यावर मुलांना नवे शब्द आदल्या दिवसापेक्षा जास्त आठवले. पुन्हा न शिकवता, जास्त! आणि आठवड्यानंतरही हे सगळं टिकून होतं.

तसं झोप आणि आठवण यांचं काहीतरी नातं आहे हे फार आधीपासून माहीत होतं. 1924 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या, कधी झोपण्याआधी, कधी दिवसा. झोपून उठल्यावर त्यांना जास्त आठवायचं. त्यावर त्यांचं स्पष्टीकरण असं की दिवसभरात नव्यानव्या गोष्टी येऊन जुन्यांना ढकलतात, झोपेत तशी ढकलाढकली होत नाही. म्हणजे झोप काही करत नाही, नुसती दार बंद करून बसते. कल्पना वाईट नव्हती. पण दार बंद ठेवल्यानं कॅथेड्रूक हजेरीतून उठून मैदानात कसा गेला? ते काही तिच्यातून उलगडत नाही. कोणीतरी आत काम करत असणार.

कोण, ते बघायला मेंदूत शिरावं लागेल. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. तो नसेल तर काय होतं हे जगाला कळलं हेन्री मोलेसन नावाच्या एका अमेरिकन माणसामुळे. त्यांना फार जोराच्या फिट्स यायच्या. 1953 साली त्यांच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकावा लागला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर नवी आठवण बनेना. आत्ता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्यांना नवाच वाटे. गंमत म्हणजे जुने शब्द सगळे जागच्या जागी होते. त्यांना शब्दकोडी सोडवायचा नाद होता आणि ती ते आवडीनं सोडवत. पण 1953 नंतर इंग्रजीत जे नवे शब्द आले, ते त्यांना बहुतेक ओळखता येत नसत. 2008 साली वारेपर्यंत त्यांनी शेकडो चाचण्या न कंटाळता दिल्या. कंटाळा यायला आधीची चाचणी आठवायला हवी ना!

यावरून एक गोष्ट उघड झाली. शब्द कायमचे राहतात ते दुसरीकडे, मेंदूच्या बाहेरच्या सुरकुतलेल्या थरात. पण तिथे नवा शब्द पोचायचा तर वाटेत हिप्पोकॅम्पस लागतो. तो भराभर टिपून घेतो, एकदा ऐकलं तरी. बाहेरचा थर सावकाश शिकतो. आणि त्यानं सावकाशच शिकायला हवं, कारण तिथे हजारो शब्द आधीच एकमेकांशी जोडलेले आहेत. कोणताही आगंतुक शब्द तिथे धाडकन घुसवला तर जुन्यांची घडी विस्कटेल. म्हणून आधी टिपायचं आणि मग हळूहळू मुरवायचं, असं दोन टप्प्यांचं काम. केंब्रिजच्या मॅट डेव्हिस यांनी गॅस्केल यांच्या जोडीनं 2009 साली हे मेंदूची चित्रं काढून पाहिलं. काही खोटे शब्द आदल्या दिवशी शिकवले, काही त्याच दिवशी, आणि मग लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून (म्हणजे आडवं करून, जागंच ठेवून) ते ऐकवले. शब्द ऐकणाऱ्या भागात आदल्या दिवशीचे शब्द खऱ्या शब्दांसारखे वागले, त्या दिवशीचे परक्यांसारखे.

पण मुरवायचं काम झोपेतच का? याचा एक धागा उंदरांकडून मिळाला. 1994 साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये केसांहून बारीक तारा बसवल्या आणि तिथल्या पेशींची तडतड टिपली. उंदीर फिरताना ज्या पेशी जोडीनं तडतडत, त्याच पेशी नंतर तो झोपल्यावर पुन्हा जोडीनं तडतडल्या. उंदीर निपचित पडलाय आणि आत दिवसाची उजळणी चालली आहे! दिवसा बाहेरून इतकं काही येत असतं की उजळणीला जागाच नसते. रात्री कान-डोळ्यांची ये-जा थंडावते आणि हिप्पोकॅम्पसला बाहेरच्या थराशी निवांत बोलता येतं.

माणसांच्या डोक्यात अशा तारा सहसा बसवता येत नाहीत. पण डोक्यावर बाहेरून चकत्या चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लाटा मोजता येतात. गाढ झोपेत या लाटा मोठ्या आणि संथ असतात, सेकंदाला साधारण एक. आणि अधूनमधून एक झटपट थरथर येते, सेकंदाला 11 ते 16 वेळा, अर्धा-एक सेकंद टिकते आणि विरते. कागदावर ती दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये फुगलेली दिसते, म्हणून तिला स्पिंडल म्हणतात. चरख्यावरच्या सूत भरलेल्या चातीचा आकार डोळ्यांपुढे आणा. 1935 साली ही थरथर टिपून छापणारा आल्फ्रेड लूमिस हा खरं तर बँकिंगमध्ये गडगंज झालेला माणूस. न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये त्यानं स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती आणि तिथे तो झोपलेल्या लोकांच्या मेंदूच्या लाटा रात्र-रात्र कागदावर उतरवत बसे. श्रीमंतांना याहून वाईट छंद असतात.

2010 साली याके टॅमिनेन यांनी गॅस्केल आणि इतरांबरोबर तोच खोट्या शब्दांचा खेळ मांडला, पण या वेळी लोकांना चकत्या लावून झोपवलं. ज्यांच्या झोपेत स्पिंडल जास्त, त्यांच्या नव्या शब्दांनी सकाळी जुन्यांशी जास्त जोरात झटापट केली. संथ लाटांच्या झोपेचं नातं निघालं ते नवा शब्द किती पटकन ओळखला जातो याच्याशी. एकाच रात्री दोन कामं, बहुधा वेगवेगळ्या कारागिरांकडून. आणि तुमच्यासाठी एक खास बातमी: संथ लाटांची गाढ झोप मुलांना मोठ्यांपेक्षा बरीच जास्त मिळते. झोपलेल्या मुलाला गाडीतून उचलून घरात आणलं तरी त्याला कळत नाही, ती ही झोप.

इथपर्यंत वाचून कोणाच्या डोक्यात हा विचार आला असेलच: मग उशाशी मोबाइल ठेवून रात्रभर कविता लावून ठेवली तर? अभ्यास आपोआप! हा विचार करणारे तुम्ही पहिले नाही. 1950च्या दशकात अमेरिकेत लोक झोपेत शिकवणाऱ्या टेप विकत घेत. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी तेव्हा मेंदूच्या लाटा मोजत झोपलेल्यांना प्रश्न आणि उत्तरं ऐकवली. सकाळी जे थोडंफार आठवलं, ते ऐकवताना तो माणूस चक्क जागा असल्याचं लाटांवरून दिसलं. झाली फजिती.

मात्र 2015 साली थॉमस श्राइनर आणि ब्यॉर्न राश यांनी स्वित्झर्लंडमध्ये जरा वेगळं केलं. जर्मन बोलणाऱ्या तरुणांना त्यांनी आधी संध्याकाळी, जागेपणी, डच भाषेतले शब्द शिकवले. मग ते झोपल्यावर त्यातले काही शब्द हळू आवाजात ऐकवले आणि बिचाऱ्यांना रात्री दोन वाजता उठवून परीक्षा घेतली. झोपेत ऐकवलेले शब्द जास्त आठवले. शिकवणं जागेपणीच झालं होतं. झोपेत फक्त उजळणीच्या यादीत कोणता शब्द वर घ्यायचा ते सुचवलं गेलं. घरी याची नक्कल करू नका. आवाजानं झोप मोडली तर होतं ते कामही बिघडायचं.

घरात एखादं तान्हं बाळ असेल तर त्याच्याकडे आता जरा आदरानं बघा. ऑक्सफर्डमध्ये 16 महिन्यांच्या बाळांना दोन नव्या वस्तूंची दोन नवी नावं शिकवली. मधल्या वेळात ज्यांनी डुलकी काढली त्यांना ती नंतर जास्त चांगली ओळखता आली. जर्मनीत 9 ते 16 महिन्यांच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात तर याहून पुढची गोष्ट दिसली. डुलकी काढलेल्या बाळांनी शिकवलेलं नाव, पूर्वी न पाहिलेल्या पण त्याच प्रकारच्या वस्तूलाही लावलं, जागं राहिलेल्यांनी नाही. मांजर म्हणजे फक्त आपली मनी नव्हे, समोरच्या गच्चीवरचं ते काळं बेणंही मांजरच, अशा प्रकारची ही समज.

आणि साधारण साडेतीन वर्षांच्या मुलांना इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात नव्या शब्दांच्या गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या. पुन्हा पुन्हा ऐकून वर झोपलेल्या मुलांनी बाजी मारली. तुमचा धाकटा भाऊ रोज रात्री "तीच! तीच गोष्ट!" म्हणून भोकाड पसरत असेल तर तो मठ्ठ नाही, त्याला बहुधा तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

झोपेशिवाय शब्द मुरतच नाहीत, असं मात्र समजू नका. नवा आणि जुना शब्द शेजारी शेजारी आलटून पालटून ऐकवत राहिलं तर ही चढाओढ झोपेआधीही सुरू होऊ शकते, हे गॅस्केल यांनीच पुढे दाखवलं. विज्ञानात असं चालतंच; स्वतःच्याच नियमाला स्वतःच खिंडार पाडणारा शास्त्रज्ञ मला जास्त विश्वासाचा वाटतो.

सेकंदाच्या बारीक तुकड्यांचा उशीर तुम्हाला घरी मोजता येणार नाही. पण आठवणीचा अर्धा प्रयोग येईल. घरच्या खऱ्या शब्दांची शेपटं बदलून आठ-दहा खोटे शब्द बनवा. खिडकीचं खिडमू करा, कुलपाचं कुलूट. ते कागदावर न लिहिता तोंडानं शिकवायचे, प्रत्येकाला सारख्याच वेळा. रविवारी सकाळी आठला अर्ध्या मंडळींना शिकवा आणि रात्री आठला त्यांची परीक्षा घ्या. उरलेल्यांना रात्री आठला शिकवा, परीक्षा सोमवारी सकाळी आठला. शिकवल्यावर लगेच एकदा किती आठवतं तेही मोजून ठेवायचं. नाहीतर रात्रीची मंडळी दमलेली होती म्हणून कमी शिकली, की सकाळची ताजी होती म्हणून जास्त, हे कळायचं नाही.

सकाळच्या गटात आजोबांना घेतलंत तर फक्त एक काळजी घ्या. दुपारी जेवण झाल्यावर त्यांना डुलकी काढू द्यायची नाही. सगळ्या प्रयोगात हेच सर्वांत अवघड आहे.